तीन सर, दोन पाय आणि एक वही

संध्याकाळच्या फुटबॉलच्या सरावाला मैदानाच्या कडेला उभं राहून वॉर्मअपच्या पहिल्या दोन फेऱ्या नीट बघा. एखादा मुलगा टाच टेकवतच नाही, चवड्यांवर पळतो. लेस बांधायला बाकीचे एक गुडघा टेकून बसतात, एखादा मात्र पाय बाकावर ठेवून बांधतो. बॉल उचलताना गुडघा न वाकवता कमरेतून वाकतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काही नाही सर, ठीक आहे." दुखतंय म्हटलं की रविवारच्या टीममधून नाव कटतं, हे त्याला बाराव्या वर्षीच कळलेलं असतं.

अशा मुलावर आठवड्याला नेमका किती ताण येतो, हे कुठल्याच एका सरांना माहीत नसतं. शाळेच्या सरांना शाळेचा सराव माहीत, अकादमीच्या कोचना अकादमीचा. कोल्हापुरात असेल तर तालमीचा संघ आणखी वेगळा. मुंबई-पुण्यात असेल तर शुक्रवारी रात्री मित्रांनी वर्गणी काढून तासाभरासाठी घेतलेला टर्फ वेगळा. प्रत्येक सर आपापल्या जागी बरोबरच असतात. बेरीज मात्र कोणी करत नाही, आणि पाय तर तेच दोन.

बेरीज करायला खेळाडू किती पळाला हे मोजणारं जीपीएसचं जॅकेट लागत नाही. ते जॅकेट अकादमीचं असतं, शाळेच्या मॅचला घातलं जात नाही, त्यामुळे अर्धाच आठवडा दिसतो. शंभर पानी वही आणि दोन आकडे पुरतात. एक, किती मिनिटं खेळला. दोन, किती दमला, ० ते १० मध्ये. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या सत्राचा भार. अमेरिकेतले क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली ही पद्धत जगभरचे क्लब वापरतात, कारण ती फुकट आहे आणि पोहणं, सायकल, पीटीचा तास असं सगळं एकाच मापात बसतं.

दमल्याचा आकडा विचारण्यातच बहुतेकांची चूक होते. शेवटची शर्यत संपल्या संपल्या विचारलं तर सगळे नऊ-दहा सांगतात, तो आकडा त्या शेवटच्या दोन मिनिटांचा असतो. सगळ्यांसमोर विचारलं तर पहिला जो म्हणेल तेच बाकीचे म्हणतात. कोचनी विचारलं तर मुद्दाम कमी सांगतात. सराव संपून पंधरा ते तीस मिनिटांनी, घरी जाताना गाडीवर, आईने किंवा बाबांनी एकट्याला विचारावं. आकड्यांना मुलाच्या भाषेत अर्थ द्यावा: ३ म्हणजे गप्पा मारत जमलं, ५ म्हणजे दम लागला पण मजा आली, ७ म्हणजे बोलायलाच नको वाटत होतं, १० म्हणजे आयुष्यात यापेक्षा जास्त कधी दमलो नाही. दहा-अकरा वर्षांखालच्या मुलांना हे आकडे नीट झेपत नाहीत. त्यांची नुसती मिनिटं लिहा.

आता नववीतल्या, १४ वर्षांच्या एका मुलाचा आठवडा मांडून बघू. उदाहरण रचलेलं आहे, पण जुलै ते सप्टेंबरच्या शालेय स्पर्धांच्या दिवसांत असे आठवडे कुठेही सापडतील.

सोमवार: शाळेचा सराव, ६० मिनिटं × ५ = ३००
मंगळवार: अकादमी, ९० × ६ = ५४०
बुधवार: शाळेचा सराव, ६० × ४ = २४०
गुरुवार: अकादमी, ९० × ७ = ६३०
शुक्रवार: मित्रांबरोबर टर्फ, ६० × ७ = ४२०
शनिवार: शाळेची मॅच, ६० × ८ = ४८०
रविवार: क्लबची मॅच, ७० × ८ = ५६०

एकूण ३१७०. वेळ ४९० मिनिटं, म्हणजे आठ तास दहा मिनिटं. इथे एक नियम नेहमी पुढे केला जातो: मुलाचं वय जितकी वर्षं, त्यापेक्षा जास्त तास आठवड्याला ठरवून खेळ नको. नियम चांगला आहे, पण या मुलाला तो सहज सोडून देतो. चौदा वर्षं, आठ तास, मग काळजी कसली? तासांची ती शेवटची मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचायलाच हवं असं नाही. आणि तासांना हे दिसत नाही की सात दिवसांत एकही दिवस रिकामा नाही.

ते बघायला दुसरा हिशोब करावा लागतो. सातही दिवसांच्या भाराची सरासरी काढा आणि तिला प्रमाण विचलनाने, म्हणजे रोजचे आकडे सरासरीपासून किती इकडे-तिकडे पसरलेत त्या मापाने, भागा. एक्सेलमध्ये एव्हरेज आणि एसटीडीईव्ही ही दोन सूत्रं लावली की झालं. रिकाम्या दिवसाचा शून्यही धरायचा, तोच तर मुद्दा आहे. उत्तराला एकसुरीपणा म्हणू. वरच्या आठवड्यात सरासरी ४५३, विचलन साधारण १४२, एकसुरीपणा ३.२. दोनच्या वर गेला की सावध व्हायचं, असा फॉस्टर यांच्या पद्धतीतला संकेत आहे. एकसुरी आठवड्यात जड दिवस पुरेसा जड नसतो आणि हलका दिवस हलका नसतो. शरीर दुरुस्त होतं ते हलक्या दिवशी, आणि तोच दिवस इथे गायब आहे.

याच आठवड्यात सोमवार आणि शुक्रवार पूर्ण रिकामे करा. बुधवारी साठ मिनिटं फक्त बॉल हाताळणं आणि पासिंग ठेवा, ६० × ३ = १८०. गुरुवारची अकादमी ७५ मिनिटांवर आणा, ७५ × ६ = ४५०. दोन्ही मॅचेस तशाच राहू द्या. एकूण २२१०, एकसुरीपणा १.३ च्या आसपास. भार तीस टक्क्यांनी उतरला, पण जे खरं शिकणं आहे, म्हणजे अकादमीचे दोन दिवस आणि दोन मॅचेस, त्यातलं जवळपास काहीच गेलं नाही. गेला तो टर्फ आणि शाळेचा एक सराव. पोरगं टर्फसाठीच भांडेल. मोकळ्या खेळाची किंमत मलाही मान्य आहे, तेव्हा महिन्यातून एकदा टर्फ ठेवा आणि त्या आठवड्यात बुधवार सोडा. वहीत बसलं की झालं.

आठवड्या-आठवड्याच्या तुलनेसाठी आणखी एक गुणोत्तर प्रसिद्ध आहे: या आठवड्याचा भार भागिले हा आठवडा धरून गेल्या चार आठवड्यांची सरासरी. टिम गॅबेट या संशोधकामुळे ते गाजलं, ०.८ ते १.३ हा सुरक्षित पट्टा म्हणून सांगितला गेला. पुढे त्याच्या गणितावर बरीच टीका झाली, आणि मूळ आकडे मोठ्या, व्यावसायिक खेळाडूंचे होते. त्यामुळे १.२ आलंय म्हणून मुलगा सुरक्षित, असं म्हणू नका. धोक्याची घंटा म्हणून मात्र ते उपयोगी पडतं, आणि आपल्याकडे ही घंटा दरवर्षी ठरलेल्या वेळी वाजते: वार्षिक परीक्षेनंतर. परीक्षेच्या तीन आठवड्यांत भार ४००, ३००, ३००. मग मे महिन्याचं शिबिर, रोज दोन सत्रं, पहिल्याच आठवड्यात ३०००. चार आठवड्यांची सरासरी १०००, गुणोत्तर ३. शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात टाचा आणि गुडघे धरून बसलेली मुलं दिसतात ती यामुळेच. नंतर सगळे म्हणतात की मैदान कडक होतं. मैदान असेलही कडक, पण मुलगा महिनाभर खुर्चीतून उठलेला नव्हता.

शिबिर टाळायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात रोज एकच सत्र आणि नेहमीच्या निम्मा भार, दुसऱ्यात दोन तृतीयांश, तिसऱ्यात ८५ टक्के, चौथ्यात पूर्ण. मेच्या उन्हाची सवय व्हायलाही दहा ते चौदा दिवस लागतातच, तेव्हा हा चढ तसाही हवा. उन्हात सरावाआधी आणि नंतर वजन करून बघा. चाळीस किलोच्या मुलाचं आठशे ग्रॅम उतरलं तर वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत सराव चालू असतानाच मिळायला हवं. संपल्यावर घटाघटा प्यायल्याने मागची भरपाई होत नाही.

इथपर्यंतचा हिशोब मोठ्यांनाही लागू आहे. मुलांच्या बाबतीत दुसरा आकडा तितकाच महत्त्वाचा: उंची.

मुलांची उंची सर्वात वेगाने वाढते ती साधारण साडेतेरा-चौदाव्या वर्षी, मुलींची साडेअकरा-बाराव्या वर्षी. हे सरासरीचं झालं. एकाच वर्गातल्या दोन मुलांत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो. त्या उधाणाच्या काळात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरच्या वेगाने वाढतो. हाड आधी लांब होतं, स्नायू आणि स्नायूबंध मागून पोचतात. स्नायूबंध जिथे हाडाला धरतो ती जागा या वयात कुर्चेची, म्हणजे कच्ची असते. प्रत्येक किक, प्रत्येक उडी तिथेच ओढ देते. शिवाय हाडात चुना भरण्याचा वेग उंचीच्या वेगाच्या सहा महिने ते वर्षभर मागे असतो. म्हणजे मुलगा सर्वात वेगाने वाढत असतो, तेव्हाच त्याची हाडं त्याच्या आकाराच्या मानाने कच्ची असतात. आणि नेमकं त्याच वर्षी "आता उंच झालायस, सेंटर बॅकला खेळ" असं ठरतं.

शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. त्यामुळे चौदा वर्षं नुकतीच पूर्ण झालेला, अजून मिसरूड न फुटलेला मुलगा सोळा वर्षांच्या दाढी आलेल्या मुलांशी भिडतो. गट बदलणं शिक्षकांच्या हातात नाही. पण अशा मुलाला पूर्ण मॅच खेळवायची की शेवटची वीस मिनिटं, हे आहे.

उंची मोजायची पद्धत ठरलेली हवी, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर उंच असतो, म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला, सकाळी उठल्याउठल्या. भिंतीला टेप उभी चिकटवा. अनवाणी, टाचा-ढुंगण-पाठ भिंतीला, नजर समोर, हनुवटी वर न उचलता. डोक्यावर वही आडवी ठेवायची नाही, ती कलते. जाड पुस्तकाचा कोपरा भिंतीला काटकोनात लावा. दोनदा मोजा. अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. एका महिन्याच्या फरकावर निर्णय घेऊ नका, मोजण्यातली चूकच तेवढी असते. तीन महिन्यांचा फरक घ्या आणि चारने गुणा. १ जूनला १५१.२ आणि १ सप्टेंबरला १५३.४ असेल तर २.२ सेंमी, म्हणजे वर्षाला ८.८ चा वेग. सातच्या वर गेला की मुलगा उधाणात शिरलाय असं धरून चाला.

दुसरी खूण म्हणजे मोठेपणीच्या अपेक्षित उंचीच्या किती टक्के झाली. ढोबळ सूत्र असं, सगळं सेंटीमीटरमध्ये: मुलासाठी आई-वडिलांच्या उंचीची बेरीज अधिक १३, भागिले दोन. मुलीसाठी १३ वजा. वडील १७०, आई १५७, तर मुलगा १७० च्या आसपास. आज १५३.४ म्हणजे ९० टक्के. साधारण ८८ ते ९५ टक्क्यांमधला काळ सांभाळण्याचा. इंग्लंडच्या अकादम्या यासाठी खॅमिस-रोश सूत्र वापरतात आणि कधीकधी वयाऐवजी या टक्क्यांवरूनच संघ पाडतात. ते सूत्र अमेरिकेतल्या ओहायोच्या गोऱ्या मुलांच्या मोजमापांवर बेतलेलं आहे, आपल्या मुलांना जसंच्या तसं बसेल असं गृहीत धरू नये. भिंतीवरच्या टेपला असा अडथळा नाही, म्हणून माझा भर टेपवर.

वाढ पायाच्या टोकाकडून वर सरकते, आणि दुखणंही साधारण त्याच क्रमाने. आधी पावलं वाढतात. वर्षात बुटाचे दोन नंबर बदलले की उंचीचं उधाण जवळ आलं समजा. या टप्प्यावर टाच दुखते, मग गुडघा, मग कंबर आणि जांघ.

टाचेचं दुखणं म्हणजे सिव्हर्स, साधारण ८ ते १४ वर्षांत. टाचेच्या दोन्ही बाजू अंगठा आणि बोटांनी चिमटीत दाबल्या की मुलगा पाय ओढून घेतो. त्यात कडक टर्फ आणि सपाट, पातळ तळाचे बूट म्हणजे दुखण्याला आमंत्रण. दोन्ही बुटांत सहा ते दहा मिलिमीटरची जेलची टाच घाला. एकाच बुटात घातली तर चाल बिघडते. सपाट जमिनीवर दोन्ही पायांच्या टाचा उचलायच्या, पंधराचे तीन फेरे, दिवसाआड. पायरीच्या कडेला उभं राहून टाच खाली सोडायचा व्यायाम सुरुवातीला नको, ओढ तिथेच बसते.

गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवर हाडाचा टेंगूळ येतो आणि तो दाबला की दुखतो, तो ऑसगूड-श्लाटर. १९०३ पासून माहीत असलेला आजार आहे, त्याने पाय कायमचा जात नाही, पण दुखणं वर्ष-दीड वर्ष येत-जात राहतं. दोन टोकाच्या चुका होतात. एक, "वाढीचं आहे, खेळ." दुसरी, "सहा महिने पूर्ण बंद." पूर्ण बंद केलं की मांडीचा स्नायू बारीक होतो आणि परतल्यावर सगळा भार पुन्हा त्याच जागेवर. कमी काय करायचं ते नीट ओळखा: उड्या, लांब किका, झटक्यात थांबणं. इथे एक गंमत आहे. कोच चांगल्या हेतूने म्हणतात, "हा फुल ग्राउंड नको खेळू दे, छोट्या गेममध्ये घेतो." चार विरुद्ध चारच्या छोट्या चौकोनात पळणं कमी, पण थांबणं-वळणं कितीतरी जास्त, आणि गुडघ्याला तेच नको असतं. अशा मुलाला कडेचा, फक्त पास देणारा खेळाडू करा. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसायचं, ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा. त्यात दुखणं दहात तीनच्या वर जाता कामा नये. सरावानंतर दहा मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ. आणि या जागी कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

किक मारताना जांघेच्या पुढच्या भागात 'टक्' आवाज आला आणि मुलगा जागीच बसला, तर स्नायू भरला असं म्हणून सोडू नका. या वयात स्नायू फाटण्याऐवजी तो हाडाचा तुकडाच उचकटू शकतो. त्याच दिवशी एक्स-रे. आणि मालिश अजिबात नको. पाय बसवून देणारे काका प्रत्येक गावात असतात, त्यांच्याकडे तर मुळीच नको. कंबर मागे वाकताना एकाच बाजूला दुखतेय आणि दोन-तीन आठवडे थांबत नाहीये, तर मणक्याला ताणाची चीर असू शकते. सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊनही ती असते, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना मुलगा फुटबॉल खेळतो हे आठवणीने सांगा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज किंवा ताप असेल तर वही-बिही बाजूला, सरळ दवाखाना.

"वाढीचं दुखणं" या शब्दाने फार घोळ केलाय. खरं वाढीचं दुखणं लहान मुलांत, दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतं आणि सकाळी गेलेलं असतं. त्यात मूल लंगडत नाही. एकाच पायाने लंगडणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला ते लागू नाही.

उधाणात बॉलवरचा ताबाही कधीकधी जातो. काल जमणारा टच आज लांब पडतो, पाय पायात अडकतात. सगळ्यांचं होत नाही, ज्यांचं होतं त्यांचं काही महिन्यांत परत येतं. कोचनी अशा वेळी "लक्ष नाही तुझं" म्हणत पन्नास किका जास्त मारायला लावल्या, की वहीतला भार नेमका चुकीच्या महिन्यात चढतो. या काळात एका सत्रात जोरदार किका पंधरा-वीसवर थांबवाव्यात. उदाहरणातल्या मुलाचीच रविवारची मॅच अर्धी केली, ३५ × ७ = २४५, तर आठवडा १८९५ वर येतो. शिवाय दर चौथा आठवडा एक तृतीयांशाने हलका.

वॉर्मअपमध्ये फिफा ११+ हा दुखापती टाळण्यासाठीचा ठरलेला व्यायामसंच करा, वीस मिनिटं, पंधरा व्यायाम, तीन भाग. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या मोठ्या चाचणीत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या दुखापती त्याने साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. आपल्याकडे तो अर्धाच होतो. टर्फचं भाडं तासाचं, त्यामुळे पळण्याचा पहिला भाग उरकून थेट बॉल. वगळला जातो तो मधला, ताकद आणि तोलाचा दहा मिनिटांचा भाग, आणि गुण बराचसा त्यातच आहे. तो टर्फच्या गेटबाहेर, पार्किंगमध्ये करता येतो. बॉल लागत नाही, भाडंही लागत नाही.

थकवा ओळखायला रोज सकाळी चार प्रश्न: झोप कशी झाली, अंग जड आहे का, पाय दुखतात का, मूड कसा आहे. प्रत्येकाला १ ते ५, जास्त म्हणजे चांगलं. बेरीज चार ते वीस. दुसऱ्या मुलाशी तुलना करू नका, त्याच्याच नेहमीच्या आकड्याशी करा. नेहमी सोळा सांगणारा सलग तीन दिवस बारावर आला तर त्या दिवशीचा सराव अर्धा. मुलं रविवारी रात्री आठवडाभराचे आकडे एकदम भरतात, एकाच पेनने, सगळे चार-चार-चार. असं पान दिसलं की ते फाडा, पण ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी पेन बदलून भरतील.

झोपेचा हिशोब तर तोंडी होतो. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास हवेत. क्लास साडेआठला सुटतो, जेवण, गृहपाठ, अकरा. सकाळी सहाच्या सरावासाठी पाचला उठणं. सहा तास. सात तासांहून कमी झोपलेल्या मुलाने पहाटेचा सराव करण्यापेक्षा न केलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांचं उधाण १४ वर्षांखालच्या गटातच संपत आलेलं असतं, तेव्हा टेप दहाव्या वर्षीच भिंतीवर हवी. उडीवरून उतरताना गुडघे आत पडतात का ते समोरून बघा. पाळी सुरू झालेली असून सलग तीन महिने आली नाही तर सरावाला साजेसं खाणं होत नसावं, आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ मध्ये (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणून "ती आळशी झालीये" म्हणण्याआधी हिमोग्लोबिन करून घ्या. बाराच्या खाली असेल तर वहीतले सगळे आठ-नऊ तिथून आलेले असू शकतात. मुलगा असो की मुलगी, सरावानंतर तासाभरात पोटात काही जायला हवं: केळं आणि दोन उकडलेली अंडी, नाहीतर मटकीची उसळ-पोळी, किंवा शेंगदाण्याचा लाडू आणि दूध. श्रावणी सोमवारी उपास असेल तर त्या दिवशी सराव नको.

दुखणं उतरल्यावर परतण्याच्या पायऱ्या आधीच ठरवून ठेवा. दोन दिवस जिने चढ-उतार न दुखता. मग दिवसाआड दहा मिनिटं सरळ रेषेत संथ पळणं. मग बॉल, पासिंग, वळणं, अर्धा तास. मग पूर्ण सराव, पण किका आणि उड्या वगळून. मग अर्धी मॅच. प्रत्येक पायरीवर किमान दोन सत्रं, आणि निर्णय मैदानावर नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. पलंगावरून उतरताना दुखणं दहात तीनच्या वर असेल तर एक पायरी मागे.

हे सगळं सरांना कळवायचं कसं, तर असं:

"सर, नमस्कार. तीन महिन्यांत उंची २.२ सेंमी वाढली आहे, डावी टाच सकाळी दुखते. पुढचे चार आठवडे मंगळवार-गुरुवार अकादमी, शनिवारी शाळेची मॅच आणि रविवारी क्लबची अर्धी मॅच, एवढंच ठेवतोय. बुधवारी तो शाळेच्या सरावाला येईल, पण पळणार नाही, पासिंग करेल आणि गोलकीपरला बॉल देईल. १ तारखेला उंची मोजून पुढचं कळवतो."

तिन्ही सरांना हाच मेसेज, एकाच वेळी, एकाच ग्रुपवर पाठवा. वेगवेगळा पाठवला की प्रत्येकाला वाटतं, सूट फक्त आपल्याकडेच मागितली जातेय.